पातेऱ्याला हात नको: एका देवराईची निगा राखण्याचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या एका गावाचं आहे. गावाचं, देवाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण नाव आणि ठिकाण सगळीकडे पसरल्यामुळेच या गोष्टीत बरंच बिघडलं. तालुक्याच्या गावी आमचा निसर्गप्रेमींचा छोटा गट आहे, त्याचा मी तेव्हा समन्वयक होतो. जे चुकलं त्यातला मोठा वाटा आमचा होता. म्हणून ते जसं घडलं तसं मांडतो आहे.

पार्श्वभूमी

गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या दोन्ही काठांनी पसरलेली साधारण चार एकरांची ही राई. खालून येताना आधी काजूच्या बागा लागतात, मग उघडा कातळ, आणि मग एकदम दाट सावली. मे महिन्यातही आतली जमीन तळपायाला गार लागते. जांभूळ, नाणा, अंजनी, सातवीण, काजरा, रातांबा ही मुख्य झाडं. ओढ्याकाठी सुरमाड. मधल्या उतारावर दोन जुने बेहडे, एकेकाला कवेत घ्यायला तीन-चार माणसं लागतील असे. या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड आहेत आणि शेकरू त्यांच्यावरूनच राई ओलांडतं. एका बेहड्याला उंचावर ढोली आहे. तिथे मलबारी कवड्या धनेशाची जोडी घरटं करायची. गावात त्याला ककणेर म्हणतात.

देऊळ राईच्या खालच्या टोकाला आहे. जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, बसकं. मूळ देवी मात्र आत, बेहड्याच्या पलीकडे उघड्यावर आहे. तिला छप्पर चालत नाही असं गाव मानतं. तिथपर्यंत वर्षातून दोनदाच माणसं जातात, तीही गुरव आणि मानकरी.

राईचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. आत चपला घालायच्या नाहीत. कोयता न्यायचा नाही. आतलं काही बाहेर काढायचं नाही: फळ नाही, वठलेली फांदी नाही, पातेराही नाही. पातेरा म्हणजे झाडाखाली साठणारा सुका पाला. कोकणात भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, करायच्या आधी जमीन भाजतात, आणि त्या भाजावळीसाठी शेण, कवळ (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), गवत यांच्याबरोबर पातेरा लागतो. त्यासाठी बायका डोक्यावर ओझी घेऊन लांब लांब फिरतात. अशा गावात शंभर पावलांवरच्या राईतला पातेरा पिढ्यान्‌पिढ्या कोणी उचलला नव्हता. हे मला तेव्हा फक्त श्रद्धेचं वाटलं होतं.

कागदोपत्री जमीन देवस्थानाची. सातबाऱ्यावर देवाचंच नाव आहे, वहिवाट गुरव आणि मानकरी घराण्यांची. सगळ्याच देवरायांचं असं नसतं. कुठे जमीन महसूल खात्याची असते, कुठे वनखात्याची, कुठे खाजगी. सातबारा आधी बघून घ्यावा असं मी आता प्रत्येकाला सांगतो, कारण पुढे कोणते रस्ते मोकळे आहेत ते त्यावरच ठरतं.

काय झालं

एका एप्रिलमध्ये गावच्या मुंबईकर मंडळाकडून आम्हाला निरोप आला. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, देवळात वार्षिक पूजा आणि महाप्रसाद असतो. त्याआधी राईची स्वच्छता करून द्याल का, अशी विचारणा होती. आम्ही आनंदाने हो म्हटलं. त्याआधी आम्ही दोन समुद्रकिनाऱ्यांवर आणि एका किल्ल्यावर अशी कामं केली होती. कचरा उचलायचा, वाट मोकळी करायची, झाडं लावायची, ही आमची ठरलेली पद्धत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चाळीसेक जण पोहोचलो. गुरवकाका देवळाच्या पायरीवर बसले होते. वय सत्तरीच्या पुढे. ते एवढंच म्हणाले, “प्लास्टिक सगळा न्या. पातेऱ्याला मात्र हात नको.” मी मान हलवली. मला वाटलं, ते ओढ्यापलीकडच्या, देवीच्या बाजूच्या भागाबद्दल बोलत आहेत. मी पुन्हा विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणातला माझा पहिला निर्णय हाच, आणि तो निर्णय आहे हेही मला तेव्हा कळलं नाही.

सकाळी प्लास्टिक गोळा झालं. नारळाच्या पिशव्या, अगरबत्तीची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, मिळून सात पोती. हे काम योग्यच होतं. ते दहा वाजता संपलं, माणसं उत्साहात होती, दिवस मोकळा होता. मग झाडू निघाले. देवळापासून बेहड्यापर्यंतचा उतार आम्ही स्वच्छ झाडला. वाटेवर लोंबणाऱ्या वेली कापल्या. त्यात गारंबीच्या दोन जुन्या वेली गेल्या. पडलेले ओंडके ओढून देवळामागे रचले. ते महाप्रसादाच्या चुलीला उपयोगी पडतील म्हणून मंडळाचे लोकही खूश झाले. पातेऱ्याचे ढीग राईच्या कडेला पेटवले. धूर तासभर वर जात राहिला, बेहड्याच्या बाजूनेच. ढोलीत त्या वेळी ककणेराची मादी होती.

ती आत असते म्हणजे काय, ते सांगायला हवं. धनेशाची मादी अंडी घालायच्या आधी ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. तिथून पुढचे अनेक आठवडे तिचं आणि पिल्लांचं सगळं खाणं नर आणून देतो: उंबर, वड, पिंपरण यांची फळं, मधूनच एखादा किडा किंवा सरडा. फेब्रुवारी ते मे-जून हा तो काळ. नर घाबरून लांब राहिला तर आतल्या जिवांना दुसरा आधार नाही.

जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो आणि गावातल्या शाळेच्या मुलांकडून झाडलेल्या उतारावर साठ रोपं लावून घेतली. रोपवाटिकेतून मिळाली ती: कडुनिंब, गुलमोहर, बदाम, काही करंज. त्या दिवसाची चित्रफीत आमच्यातल्या एकाने समाजमाध्यमावर टाकली, ठिकाणाच्या नेमक्या खुणेसह. ती खूप पाहिली गेली. जुलैपासून शनिवार-रविवारी गाड्या यायला लागल्या.

अडचण कशी लक्षात आली

पहिली खूण पावसातच दिसली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वर झाडांचा मांडव असला तरी पानांवरून गळणारा थेंब मोठा असतो, तो उघड्या मातीवर आपटतो. पातेरा असताना तो थेंब मुरत होता. त्या वर्षी उतारावरून लाल पाणी धावलं आणि देवळामागे हातभर खोल ओघळ पडला. ओढ्याचा जो झरा गावाला एप्रिलपर्यंत निवळ पाणी देतो, तो जुलैत पहिल्यांदाच गढूळ झाला. बायकांनी ते आधी पाहिलं आणि सरपंचबाईंना सांगितलं.

दुसरी खूण ऑक्टोबरमध्ये. वेली कापल्याने वरून ऊन आलं होतं, आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात रानमोडी हे झपाट्याने पसरणारं तण उगवलं होतं, कमरेएवढं. रानमोडीला मोकळी जागा आणि उजेड मिळाला की ती थांबत नाही. दाट सावलीत तिचं चालत नाही. गावातल्या कोणाच्याही आठवणीत ती राईच्या आत आलेली नव्हती.

तिसरी खूण मला स्वतःला कळली नाही, ती एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेने दाखवली. आम्ही त्यांना राई बघायला बोलावलं होतं. त्या झाडलेल्या उतारावर उकिडव्या बसल्या, मग न झाडलेल्या बाजूला जाऊन बसल्या, आणि मला दोन्हीकडचं दाखवलं. न झाडलेल्या बाजूला पातेरा बाजूला केला की खाली दोन-दोन पानांची पिलवंडं, म्हणजे नुकती रुजलेली रोपं, होती: जांभूळ, नाणा, रातांबा. झाडलेल्या बाजूला जवळजवळ काहीच नव्हतं, आमची साठ रोपं सोडून. त्यांनी कारण सांगितलं. जांभूळ, रातांबा अशा झाडांचं बी गव्हा-ज्वारीसारखं साठवून ठेवता येत नाही. त्यात पाणी भरपूर असतं आणि ते सुकलं की मरतं. पावसाच्या तोंडाशी झाडाखाली पडायचं, ओलसर पातेऱ्यात दबायचं आणि लगेच रुजायचं, एवढीच त्याची वेळ. आम्ही मे महिन्यात जमीन उघडी केली. जे बी पडलं ते तापलेल्या मातीवर सुकलं, नाहीतर पहिल्या पावसात वाहून गेलं.

त्या बोलत असताना गुरवकाका मागे उभे होते. “पातेरा म्हंजे राईची पोरां झाकायची गोधडी,” असं ते म्हणाले. ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मे महिन्यात विचारलं असतं तर त्यांनी ते मे महिन्यातच सांगितलं असतं.

आणि माणसांची गर्दी. येणारे वाईट नव्हते. बहुतेक जण राई बघून थक्क होऊन जात. पण ते चपला-बुटांसह आत जात, वाट सोडून फोटोसाठी चढत, गारंबीच्या वेलीवर झोके घेत. सप्टेंबरमध्ये काही मुलं ओढ्यापलीकडे देवीपर्यंत गेली आणि तिथे जेवली. गावात संताप झाला. मानकऱ्यांच्या बैठकीत राई कायमची बंद करावी असा सूर लागला.

कोणते पर्याय समोर होते

नोव्हेंबरमध्ये देवळात गावबैठक झाली. आम्हाला बोलावलं होतं. आम्ही आधी झाल्या प्रकाराची जबाबदारी घेतली आणि मग पर्यायांवर बोलणं सुरू झालं. ते तीन बैठका चाललं.

बाहेरच्यांना पूर्ण बंदी, हा मानकऱ्यांचा आग्रह. तो समजण्यासारखा होता. पण अडवणार कोण, हा प्रश्न लगेच आला. गावात तरुण कमी, सगळे मुंबई-पुण्याला. शिवाय राईकडे येणाऱ्या वाटा चार.

तिकीट लावून व्यवस्था करणं, हा सरपंचबाईंचा विचार. साताऱ्याजवळच्या कास पठाराचं उदाहरण त्यांना ठाऊक होतं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यांत कास आहे. तिथे फुलांच्या हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि आसपासच्या गावांच्या समित्या ते काम पाहतात. गावाला उत्पन्न मिळतं. पण कासला हंगाम काही आठवड्यांचा आणि पठार अफाट. चार एकरांच्या राईत दिवसाला शंभर माणसंही फार. आणि एकदा तिकीट घेतलं की पाहुणा हक्काने आत जातो. त्याला “आज नको” म्हणणं अवघड होतं. शिवाय कासला जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि पुढे ते काढावं लागलं, हेही आम्ही बैठकीत सांगितलं, कारण आमच्यातल्या काहींना आधी कुंपणच सुचलं होतं.

तिसरा पर्याय कायद्याचा. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्याच कायद्यात एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे. राज्यात पहिला मान २०१४ मध्ये गडचिरोलीतल्या अल्लापल्लीच्या जंगलाला मिळाला. आम्हाला जवळचं वाटलं ते सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे. तिथली रानजायफळाची दलदल गावाने देवराई म्हणूनच राखली होती आणि मग तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. प्राध्यापिका याच पर्यायाच्या बाजूच्या होत्या. माझाही कल तिकडेच होता.

गावाने तो तेव्हा मान्य केला नाही. “सरकारी पाटी लागली की राई सरकारची,” असं एक मानकरी म्हणाले. कायदा तसं म्हणत नाही, हे आम्ही समजावलं. पण वहिवाटीची भीती एका संध्याकाळच्या समजावण्याने जात नाही. आम्ही नुकतेच एक चूक करून बसलो होतो. आमच्या शब्दाला वजन कुठून येणार? नोंदवही करायची आणि वारसा स्थळाचा विषय पुढे ठेवायचा, एवढ्यावर थांबलो. आज मागे बघताना मला हे थांबणं बरोबर वाटतं, प्राध्यापिकांना अजूनही वाटत नाही.

चौथा विषय मुंबईकर मंडळाने आणला, आणि तो सगळ्यांत अवघड होता. देवळाचा जीर्णोद्धार. जुनं कौलारू देऊळ काढून स्लॅबचं मोठं देऊळ, सभामंडप, आणि देवळापर्यंत डांबरी रस्ता. रस्त्यासाठी राईच्या कडेची अकरा झाडं जाणार होती. वर्गणी बरीच जमली होती. आमच्या गटातल्या तरुणांना हा प्रस्ताव ऐकूनच राग आला. पण मंडळाचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती या देवीची माहेरवाशीण. पाच वर्षं तिने देऊळ बघितलेलं नाही, कारण ती वाट चढू शकत नाही.” याला उत्तर द्यायलाच हवं होतं. राई वाचवायची म्हणून म्हाताऱ्या माणसांचं देवदर्शन बंद, असं गावाला सांगणं मला जमलं नसतं आणि ते न्यायाचंही नव्हतं.

निर्णय

तिसऱ्या बैठकीतही एकमत झालं नाही. मग गावाच्या रीतीप्रमाणे देवीला कौल लावायचं, म्हणजे तिची संमती विचारायचं ठरलं. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, कौलाचे कळे लावले. दोन गोष्टी विचारल्या: रस्त्यासाठी झाडं तोडावीत का, आणि बाहेरचा माणूस राईत यावा का. पहिल्याला कौल मिळाला नाही. दुसऱ्याला मिळाला.

आमच्या गटात यावर बराच वाद झाला. शास्त्रावर चालणाऱ्या लोकांनी कौलावर का थांबावं, असं काहींचं म्हणणं होतं. माझं मत असं की राई इतकी वर्षं टिकली ती याच रीतीने, आणि ज्या निर्णयाला सगळं गाव बांधील राहतं तो निर्णय आमच्या अहवालापेक्षा जास्त टिकतो. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा त्यांनी झाडांच्या याद्यांबरोबर त्या राखणाऱ्या श्रद्धांचीही नोंद घेतली होती. दोन्ही वेगळं काढता येत नाही. कौल विरुद्ध गेला असता तर आम्ही काय केलं असतं? याचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. ते आधी ठरवायला हवं होतं.

काय केलं

सगळ्यांत आधी ठिकाणाची खूण आणि चित्रफीत काढून टाकली. इतरांनी पुढे पाठवलेल्या प्रती राहिल्याच, पण ओघ कमी झाला.

ओंडके परत नेले. महाप्रसादाच्या चुलीत निम्मे गेले होते. उरलेले आम्ही खांद्यावर वाहून उतारावर आडवे टाकले, म्हणजे वरून येणारं पाणी अडेल आणि पाला साठेल. वठलेलं लाकूड राईतच कुजू द्यायचं हा गावचा नियमच होता. त्यात वाळवी, भुंगेरे, अळंबी येतात, त्यांच्या मागे सुतारपक्षी येतात, आणि सुतारपक्ष्याने कोरलेली पोकळी पुढे दुसऱ्याच्या घराला उपयोगी पडते.

पातेरा बाहेरून आणून पसरावा, अशी एक सूचना होती. आम्ही ती घेतली नाही. दुसऱ्या रानातल्या पातेऱ्याबरोबर रानमोडीचं आणि घाणेरीचं बी आलं असतं. राईतली झाडं फेब्रुवारी ते एप्रिल भरपूर पान गाळतात. तो पाला पडू द्यायचा आणि बाजूला राहायचं, एवढंच ठरलं. काहीही न करण्याचं हे काम आमच्या स्वयंसेवकांना सगळ्यांत जड गेलं.

रानमोडी मात्र उपटायचीच होती. ती डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि मग बी वाऱ्यावर जातं. पहिल्या वर्षी बैठकांतच वेळ गेला आणि बरीचशी फुलून गेली. दुसऱ्या वर्षापासून सप्टेंबर अखेरीस, माती ओली असतानाच मुळासकट उपटतो. कोयत्याने छाटली की बुडातून दुप्पट फुटते. राईत कोयता न्यायचा नाही हा नियम इथे आपोआप उपयोगी पडला.

साठ रोपांचा प्रश्न नाजूक होता. ती मुलांनी लावली होती, प्रत्येकाने आपल्या रोपाला नाव दिलं होतं. गुलमोहर आणि बदाम राईत ठेवणं चूक होतं. नाणा-जांभळाची जागा त्यांनी घेतली असती. पण मुलांच्या हातून लावून घेतलेलं झाड रात्रीत काढून टाकणं मला पटेना. शिक्षकांनी मार्ग काढला. त्यांनी मुलांना राईत नेलं, प्राध्यापिकांनी पिलवंडं दाखवली, आणि मग मुलांनीच जगलेली रोपं मातीच्या गोळ्यासकट काढून शाळेच्या आवारात आणि बसथांब्याजवळ लावली. एका मुलीने मात्र तिचा करंज काढू दिला नाही. तो ओढ्याच्या काठावर होता आणि करंज आमच्याकडचाच, म्हणून तो तिथेच राहिला.

रस्ता झाडांच्या अलीकडे, कातळावरच थांबवला. तिथून देवळापर्यंत जुन्याच वाटेवर चिऱ्यांच्या रुंद, कमी उंचीच्या पायऱ्या घातल्या आणि एका बाजूला कठडा केला. पायऱ्यांना सिमेंट वापरलं नाही, सांध्यांतून पाणी मुरतं. पूजेच्या दिवशी वयस्कर माणसांना खुर्चीत बसवून नेण्याची जबाबदारी गावातल्या पोरांनी घेतली. देवळाचा जीर्णोद्धार जुन्याच जोत्यावर, जांभ्यात आणि कौलात करायचं ठरलं. काही देणगीदारांनी यावर वर्गणी परत मागितली आणि मंडळाने ती दिली.

पाहुण्यांसाठी तिकीट ठेवलं नाही. येणाऱ्याने आधी गावात बचतगटाच्या घरी यायचं. तिथली एक ताई किंवा गुरवकाकांचा नातू सोबत जातो. एका वेळी पंधरापेक्षा जास्त माणसं नाहीत. पायऱ्यांपाशी चपला काढायच्या. हा नियम किती उपयोगाचा आहे ते आम्हाला उशिरा कळलं: अनवाणी माणूस वाट सोडत नाही, आणि सावकाश चालतो. पण पावसात चापडा आणि फुरसं या विषारी सापांची भीती खरी आहे, म्हणून अनवाणी चालणं फक्त चिऱ्यांच्या पायऱ्या आणि झाडांपासून मोकळ्या ठेवलेल्या थोड्या वाटेपुरतं. फेब्रुवारी ते जून देवळाच्या पुढे कोणीही जात नाही. सोबतीबद्दल आणि जेवणाबद्दल पैसे बचतगटाला मिळतात. घावणे आणि कुळथाचं पिठलं खायला लोक आनंदाने थांबतात.

फलित

तीन पावसाळे झाले. पाला पहिल्याच उन्हाळ्यात परत साठला. दुसऱ्या पावसानंतर आडव्या ओंडक्यांच्या वरच्या बाजूला पिलवंडं दिसली, तिसऱ्या पावसानंतर उतारभर. त्यात जांभूळ जास्त, नाणा कमी. झरा पुन्हा निवळला. देवळामागचा ओघळ मात्र तसाच आहे, काठ खचतो आहे. कापलेल्या गारंबीच्या एका वेलीला बुडातून फुटवा आला, दुसरी गेली. शेकरू आता तेवढा पट्टा जमिनीवरून पळत पार करतं, हे मी स्वतः दोनदा पाहिलं आहे.

रानमोडी कमी झाली, संपली नाही. गर्दी आवाक्यात आहे, पण वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एकदा वीसेक माणसं मागच्या वाटेने परस्पर आत गेली होती. राखणीला माणूस कायम असणं गावाला परवडत नाही.

अध्यक्षांच्या आईंनी नव्या पायऱ्यांवरून, दोन ठिकाणी बसून, स्वतःच्या पायांनी देऊळ गाठलं. खुर्ची त्यांनी नाकारली.

लोक जैवविविधता नोंदवहीचं काम ग्रामपंचायतीने पूर्ण केलं. तिच्यातली बरीच माहिती गावातल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितली. वारसा स्थळाचा विषय गेल्या ग्रामसभेत पुन्हा निघाला. या वेळी तो मानकऱ्यांपैकीच एकाने काढला.

वेगळं काय करता आलं असतं

गुरवकाकांच्या त्या एका वाक्यावर मी थांबून “म्हणजे कुठला पातेरा?” असं विचारायला हवं होतं. बाकीचं सगळं त्यातून टळलं असतं. आता आम्ही कुठल्याही राखीव जागी काम घेण्याआधी तिथे एक दिवस नुसता जातो, झाडू-फावड्याशिवाय, आणि ती जागा राखणाऱ्या माणसाबरोबर चालतो. काय करायचं नाही याची यादी आधी लिहितो.

किनाऱ्यावरची पद्धत राईत नेली, ही चूक स्वतंत्रपणे सांगायला हवी. किनाऱ्यावरून प्लास्टिक उचललं की जागा बरी होते. राईत सात पोती प्लास्टिक उचलल्यावर काम संपलं होतं, पण चाळीस माणसांना दुपारपर्यंत काम हवं होतं म्हणून आम्ही ते शोधलं. आता दहापेक्षा जास्त माणसं नेत नाही.

मे महिना निवडला तो पूजेच्या सोयीने. प्लास्टिक उचलायला पूजेनंतरचा दिवसही चालला असता, देवळाच्या परिसरापुरता. घरट्याच्या काळात आत जाण्याचं कारणच नव्हतं.

प्राध्यापिकांना आम्ही नुकसान झाल्यावर बोलावलं. गट चालवणाऱ्यांना माझं सांगणं असं की स्थानिक महाविद्यालयात वनस्पती ओळखणारं माणूस बहुतेक तालुक्यांत मिळतं आणि ते आनंदाने येतं. चित्रफितीवर ठिकाणाची खूण टाकू नये, हे आता बरेच जण जाणतात. पण ती टाकणाऱ्या मुलाला आम्ही आधी काही सांगितलंच नव्हतं, म्हणून दोष त्याचा नव्हता.

ककणेराबद्दल लिहायचं राहिलं. त्या मे महिन्यात मादी आणि पिल्लं बाहेर आली की नाही, हे कोणी पाहिलेलं नाही. पुढच्या वर्षी जोडी त्या ढोलीत आली नाही. कारण आमचा धूर, की गर्दी, की आणखी काही, हे खात्रीने सांगता येत नाही. मला स्वतःला पहिलं कारण पुरेसं वाटतं. यंदा नोव्हेंबरमध्ये ओढ्याकाठच्या उंबरावर दोन ककणेर दिसले. घरटं चालू असलं की ढोलीखालच्या जमिनीवर फळांच्या बिया पडलेल्या सापडतात. गुरवकाका आता राईत चढत नाहीत. फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा त्यांचा नातू एकटा, अनवाणी, लांबूनच बेहड्याचा बुंधा बघून येणार आहे, आणि परत येऊन आजोबांना सांगणार आहे.